मैत्रिणीवर प्रेम आहे ना, मग तिला उरलेला वेळ देणं बंद करा

मागच्या वर्षी माझ्या सगळ्यात जुन्या मैत्रिणीची आई आठ दिवस हॉस्पिटलमध्ये होती आणि मला ते कळलं आई घरी आल्यावर, तेही सहज बोलता बोलता. मी चिडलेच, अगं मला सांगितलं का नाहीस, तर ती म्हणाली, "तू गडबडीत असशील असं वाटलं." बस. टोमणा नाही, राग नाही, आणि म्हणूनच जास्त लागलं, कारण ते खरं होतं. मी तिला फोन करायचे तो कपड्यांच्या घड्या घालताना, नाहीतर बसची वाट बघताना, आणि बस आली की "चल ठेवते गं" म्हणून कट. माझ्या कॅलेंडरवर नवऱ्याचा वाढदिवस होता, ऑफिसच्या डेडलाइन होत्या, मुलाच्या परीक्षा होत्या, गॅस सिलेंडरची तारीखसुद्धा होती, पण बावीस वर्षांची मैत्री त्यात कुठेच नव्हती.

मग ठरवलं की हे प्रेम आहे असं म्हणायचं असेल तर प्रेमासारखं वागायचं पण. वर्षभर काय काय करून बघितलं, काय जमलं, काय सपशेल फसलं, ते इथे लिहितेय. क्रमाने करायलाच पाहिजे असं काही नाही, एखादी गोष्ट जरी उचललीत तरी चालेल.

आधी "फक्त मैत्रीण" मधलं "फक्त" काढा

ऐका एकदा स्वतःला. "कोणाबरोबर चाललीयेस?" "कोणी नाही गं, फक्त एक मैत्रीण आहे." हे कोणी नाही आणि फक्त आपल्या तोंडात इतकं बसलंय की कळतही नाही. आणि हे काही आजचं नाही. मोंतेन नावाच्या फ्रेंच लेखकाने १५८० साली छापलेल्या निबंधांमध्ये मैत्रीवर फार सुंदर लिहिलंय आणि त्यातच हेही लिहून ठेवलंय की बायकांचं मन या नात्याला पुरेसं पडत नाही. गंमत म्हणजे तो गेल्यावर त्याच्या निबंधांची वाढवलेली आवृत्ती १५९५ साली संपादित करून कोणी छापली, तर मारी द गूर्ने नावाच्या बाईने. असो.

तर करायचं काय, बोलायचं. ओळख करून देताना "ही माझी मैत्रीण" एवढ्यावर थांबू नका, एक वाक्य पुढे जा. "ही माझी मैत्रीण, मी नोकरी सोडली तेव्हा तीन महिने रोज हिच्याशी बोलून दिवस काढलेत." तिच्यासमोर म्हणायचं हे, चार माणसांत. ती लाजेल, काहीतरी पाचकळ बोलून विषय बदलेल, बदलू दे. घरच्यांनाही सांगा की ही बाई माझ्या आयुष्यात कोण आहे. माझ्या मुलाला ती "आईची ती मावशी जिच्याशी आई फोनवर हसते" एवढीच माहीत होती, आता त्याला माहितीये की त्याच्या जन्माच्या वेळी बाहेर बाकावर रात्रभर कोण बसलं होतं.

"आय लव्ह यू" म्हणायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला मराठीत "माझं तुझ्यावर प्रेम आहे" म्हणताना नाटकात काम केल्यासारखं होतं, म्हणून मी "तू मला फार हवी असतेस" असं म्हणते. ते मला खरं वाटतं. तुम्ही तुमचं वाक्य शोधा, उसनं वाक्य मैत्रिणी लगेच ओळखतात.

सगळ्यांशी नाही जमणार, कोणाशी ते ठरवा

हे लिहायला जरा निर्दयी वाटतंय पण खरं आहे. रॉबिन डनबर नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं १५० माणसांचं गणित बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, पण त्यातले आतले थर जास्त कामाचे आहेत, अगदी आतल्या थरात साधारण ५ माणसं, त्यांना धरून जवळची १५, मग ५०, मग १५०. आतल्या पाचात घरचेही येतात, म्हणजे मैत्रिणींसाठी जागा किती उरते बघा. मी सुरुवातीला उत्साहात अकरा जणींची यादी केली होती, दोन महिन्यांत मी दमले आणि अकराही जणींना काहीच मिळालं नाही. आता तिघी आहेत. बाकीच्यांवर प्रेम नाही असं नाही, पण या तिघींसाठी मी आधी वेळ काढते आणि मग दुसरी कामं लावते. फरक एवढाच.

वेळ हा मुद्दा मी उगाच धरून नाही बसलेय. जेफ्री हॉल या कॅन्सस विद्यापीठातल्या प्राध्यापकाने २०१८ मध्ये तास मोजले होते, ओळखीचं माणूस जरा मित्र व्हायला साधारण ५० तास, नीट मित्र व्हायला ९० च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. आणि नुसतं एका ऑफिसात शेजारी बसून काम केलेले तास फारसे कामाला येत नाहीत, आपणहून एकत्र घालवलेले तास येतात. शाळा कॉलेजात हे दोनशे तास कसे गेले ते कळलंही नाही, आता चाळिशीत दोन तास काढायचे म्हणजे चार जणांचं वेळापत्रक हलवावं लागतं. म्हणून तर ते ठरवून करायचं.

"भेटूया गं कधीतरी" वर बंदी

कधीतरी म्हणजे कधीच नाही हे दोघींनाही माहीत असतं. त्याऐवजी दोन तारखा द्या, "येत्या शनिवारी सकाळी किंवा पुढच्या बुधवारी संध्याकाळी, कुठला?" दोन्ही नाही जमल्या तर तिने तिसरी द्यायची. आणि भेट संपून उठायच्या आधी पुढची तारीख टाकायची, तिथल्या तिथे, दोघींच्याही फोनमध्ये. हा एकच नियम पाळलात आणि बाकीचा लेख सोडून दिलात तरी मला चालेल.

आमचा महिन्यातला पहिला शनिवार ठरलाय. रद्द करायची मुभा आहे पण रद्द करणारीने त्याच मेसेजमध्ये नवी तारीख द्यायची. "सॉरी गं नाही जमणार" एवढाच मेसेज चालत नाही.

साजरा करायचा दिवस वेगळा. तसा ३० जुलै हा संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये जाहीर केलेला आंतरराष्ट्रीय मैत्री दिवस आहे, आणि १३ फेब्रुवारीला बायकांनी मैत्रिणींसोबत दिवस घालवायचा ही टूम तर २०१० मधल्या एका अमेरिकन टीव्ही मालिकेतून आली आणि लोकांनी खरंच उचलून धरली. करा की त्या दिवशी. पण मला स्वतःची तारीख असलेली जास्त आवडते. आमची पहिली भेट कधी झाली ते शोधायला आम्ही जुने फोटो, वह्या, ईमेल सगळं उपसलं आणि शेवटी एका लायब्ररीच्या कार्डावर सापडलं, दोघींनी एकाच दिवशी कार्ड काढलं होतं. शोधण्यातच संध्याकाळ गेली आणि खरं सांगायचं तर साजरं करणं तेच झालं. नाही सापडली तर कुठलीही तारीख धरा, लग्नाचे मुहूर्त तरी कुठे आकाशातून पडतात.

लिहून द्या, आणि विशेषणं गाळून लिहा

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात घाबरले होते याला आणि सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

मैत्रिणीला पत्र. हाताने लिहा नाहीतर टाइप करा, पण फॉरवर्ड केलेलं गुलाबाचं चित्र नको. आपल्याला वाटतं की तिला ऑकवर्ड होईल, ती म्हणेल काय झालं हिला, बरी आहे ना. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोघांनी २०१८ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं, लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली आणि मग ती मिळालेल्यांना विचारलं. तर लिहिणाऱ्यांनी ऑकवर्डपणाचा अंदाज फार जास्त धरला होता आणि आनंदाचा फार कमी. लिहिणारे शब्द बरोबर जमतायत का याची काळजी करत बसतात आणि वाचणाऱ्याला त्यातली माया पोचते, व्याकरण कोण बघतंय.

माझा पहिला मसुदा असा होता: "तू खूप छान आहेस, नेहमी माझ्या पाठीशी उभी असतेस, तुझ्यासारखी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं." हे मी माझ्या बॉसच्या निरोप समारंभाच्या कार्डावरही लिहू शकले असते, नाव बदलून. फाडलं. दुसऱ्यांदा तीनच गोष्टी लिहिल्या. एक प्रसंग, अगदी बारीक तपशिलासकट, तिने कुठला स्वेटर घातला होता इथपर्यंत. मग त्या प्रसंगामुळे मी नंतर काय वेगळं केलं. आणि तिसरं, आज तिच्यात मला काय दिसतं जे कदाचित तिला स्वतःला दिसत नाही. त्यातलं थोडं सांगते: "तुझे बाबा गेले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझा इंटरव्ह्यू होता आणि तू मला आदल्या रात्री फोन करून उद्याचे प्रश्न विचारत बसलीस. मला तेव्हा कळलं नाही की तुलाही त्या रात्री कोणाचा तरी आवाज हवा होता. आता कळतं. आता मी कोणी फोन केला की आधी विचारते, तू कशी आहेस."

तिने यावर काय उत्तर दिलं? अंगठा. नुसता अंगठ्याचा इमोजी. मी दोन दिवस जळफळत होते. तिसऱ्या दिवशी रात्री अकराला फोन आला आणि पहिली पाच मिनिटं ती काही बोललीच नाही. तर उत्तराची वाट बघू नका, टाका आणि विसरा. आणि वाढदिवसाला देऊ नका, वाढदिवसाला सगळेच गोड बोलतात, कुठल्या तरी मंगळवारी द्या.

तिची चांगली बातमी नीट ऐका

दुःखात आपण बऱ्या असतो. रडणारीला मिठी मारायला सगळ्यांना जमतं. आनंदात गोची होते. तिला प्रमोशन मिळालं आणि आपलं त्याच आठवड्यात हुकलं, तर "वा, मस्तच" म्हणताना आवाज कसा कोरडा होतो ते तिलाही ऐकू जातं. शेली गेबल या मानसशास्त्रज्ञ बाईंचं यावर काम आहे, २००४ मधलं, की समोरच्याच्या चांगल्या बातमीला आपण कसा प्रतिसाद देतो यावर नात्याची तब्येत बरीच अवलंबून असते, आणि त्यात उत्साहाने प्रश्न विचारून ऐकणारेच कामाला येतात, नुसतं "छान" म्हणून पुढे जाणारे नाही.

म्हणून माझा नियम, तिच्या बातमीनंतर तीन प्रश्न विचारल्याशिवाय स्वतःचं काही बोलायचं नाही. कळलं कसं? पहिलं कोणाला सांगितलंस? आता सगळ्यात आधी काय करणार आहेस? तिसऱ्या प्रश्नापर्यंत हेवा कमी झालेला असतो, निदान माझा तरी. आणि नाहीच झाला तर मी सांगून टाकते, "मला खूप आनंद झालाय आणि थोडी जळजळ पण होतेय, दोन्ही खरं आहे." आजपर्यंत यावर कोणी रुसलेली नाही.

ज्याचं कोणी कौतुक करत नाही ते शोधा

लग्न, बाळ, बाळाचा पहिला वाढदिवस, या सगळ्याला लोक जमतात. पण माझी एक मैत्रीण आहे जिने लग्न केलं नाही, ती गेली पंधरा वर्षं आमच्या सगळ्यांच्या समारंभांना येते, सुट्ट्या टाकून, भेटवस्तू घेऊन, आणि तिच्यासाठी आम्ही कधी जमलो? कधीच नाही, कारण तिचं "काही झालंच नाही" ना. आणि तिने या काळात थिसिस पूर्ण केला, वडिलांचं आजारपण एकटीने काढलं, कर्ज फेडलं. शेवटचा हप्ता गेला त्या संध्याकाळी आम्ही तिच्या घरी सहा जणी जाऊन बसलो, तिने बँकेचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. हसू येईल वाचताना पण तिथे कोणी कोरड्या डोळ्यांनी नव्हतं.

यादी करा अशा गोष्टींची. घटस्फोटाचे कागद हातात आले. ट्रीटमेंटचं शेवटचं सेशन झालं. त्रासदायक नोकरी सोडली. मूल नको हे घरच्यांना सांगून टाकलं. पन्नाशीत गाडी शिकली. तारीख लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्या दिवशी एक ओळ पाठवा, "आज एक वर्ष झालं." एवढीच ओळ. ती तारीख तुम्हाला लक्षात आहे यातच सगळं आलं.

तिचं काम हातात घ्या

एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सुझन अँथनी, अमेरिकेत बायकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून लढलेल्या दोघी, १८५१ मध्ये भेटल्या आणि १९०२ मध्ये स्टँटन गेली तोपर्यंत मैत्रिणी होत्या, पन्नासच्या वर वर्षं. स्टँटनला सात मुलं. भाषणं लिहायला वेळ कुठून येणार, तर अँथनी तिच्या घरी जाऊन मुलं सांभाळायची आणि स्टँटन टेबलाशी बसून लिहायची, मग अँथनी ते घेऊन गावोगाव जायची. १९२० मध्ये तिकडे हक्क मिळाला तेव्हा दोघीही नव्हत्या. वाद झाले त्यांचे, चांगले कडाक्याचे झाले, पण मला आठवतं ते दुसरीचं पोर कडेवर घेऊन उभी असलेली अँथनी.

तेव्हा "काही लागलं तर सांग हं" म्हणू नका, कोणी सांगत नाही. सरळ एक काम उचला. "गुरुवारी चार ते सहा मी तुझ्या बाबांजवळ बसते, तू झोप." "तुझा तो फॉर्म मला दे, मी भरते." आणि एक कोरडं वाटणारं पण फार मोलाचं काम सांगते, एकमेकींच्या फोनमध्ये इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून नाव टाका, तिचा रक्तगट, चालू औषधं, घरच्यांपैकी एकाचा नंबर आपल्याकडे ठेवा, घराची जादा किल्ली ठेवा. तिच्या घरच्यांना आपलं नाव आणि चेहरा माहीत असू दे, कारण हॉस्पिटलात "तुम्ही कोण?" विचारल्यावर मैत्रीण या शब्दाला काउंटरवर वजन नसतं.

रडगाण्याची संध्याकाळ होऊ देऊ नका

हे मला उशिरा कळलं. आम्ही भेटायचो आणि तीन तास सासू, बॉस, नवरा, परत बॉस. घरी येताना जवळ आल्यासारखं वाटायचं पण डोकं जड. अमांडा रोज नावाच्या संशोधिकेने २००२ मध्ये याला नाव दिलं, मराठीत सांगायचं तर जोडीने उगाळत बसणं. तिने मुलामुलींवर अभ्यास केला तर हे मुलींमध्ये जास्त दिसलं, त्याने मैत्री घट्ट होते हे खरं, पण सोबत चिंता आणि उदासीही असते.

म्हणून आता आम्ही आधी विचारतो, "ऐकू का सुचवू?" ऐकायचं असेल तर तोंड बंद. आणि उगाळणं अर्ध्या तासाच्या वर गेलं की उठून चालायला जायचं, चालताना विषय आपोआप बदलतो. अर्थात खरंच काही गंभीर चाललं असेल, मारहाण, धमकी, जीव नकोसा झालाय असलं काही, तर तिथे घड्याळ नाही, आणि आपण एकट्यानेच पुरे पडू अशा भ्रमातही राहायचं नाही, तिला योग्य माणसाकडे घेऊन जायचं.

काय फसलं ते पण सांगते

सरप्राइज फसलं. वीस माणसं अंधारात लपवून लाइट लावला आणि ती रडायला लागली, आनंदाने नाही, त्या दिवशी तिला एकटं राहायचं होतं. आता मी विचारते. महागडं गिफ्ट फसलं, तिला परतफेडीचं ओझं झालं आणि पुढचे दोन महिने ती टाळत होती. तिचा फोटो न विचारता टाकून खाली लांबलचक लिहिलं, तेही फसलं, कारण त्यात तिच्या आजारपणाचा उल्लेख होता आणि तिच्या ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं. काढून टाकलं, माफी मागितली. आणि तिघींच्या ग्रुपमध्ये एकीला "बेस्ट" म्हणून मोकळी झाले ते तर विचारूच नका.

तुटलेली असेल तर

यावर माझ्याकडे फार नाही. एका मैत्रिणीशी सहा वर्षं बोलणं नव्हतं. २०२२ मधला एक अभ्यास वाचनात आला होता, पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांचा, की अचानक आठवण काढणारा मेसेज समोरच्याला आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच जास्त आवडतो. तेवढ्या जोरावर मी लिहिलं, "तुझी आठवण आली. मी तेव्हा चुकीचं बोलले होते, तुझ्या भावाबद्दल. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही." "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" असं लिहायचं नाही, ती माफी नसते. तिचं उत्तर नाही आलं अजून. निळ्या टिका दिसतात. एवढं पुरे, परत परत दार वाजवायचं नाही.

आणि ती पहिली, जिची आई हॉस्पिटलमध्ये होती, ती? गेल्या महिन्यात रात्री पावणेदोनला तिचा फोन आला. आईला परत न्यावं लागत होतं. "तू झोपली असशील," असं म्हणाली, पण फोन ठेवला नाही. मी पायात चपला सरकवत होते तोपर्यंत.

आई बरी आहे आता. येत्या शनिवारी ती उसवलेल्या उशांचे अभ्रे घेऊन येतेय शिवायला आणि मी माझा सहा महिने पडलेला इन्शुरन्सचा फॉर्म काढून ठेवलाय.